मागे बसून गाणारा

1986 साली पुण्यात वसतिगृहात राहत असताना शेजारच्या खोलीतल्या मित्राने मला एक कॅसेट ऐकायला दिली. कोरी कॅसेट आणून कुणाकडून तरी भरून घेतलेली. पट्टीवर निळ्या शाईत ‘जेनेसिस’ आणि त्याखाली ‘अ ट्रिक ऑफ द टेल’, एवढंच लिहिलेलं. कुठलं साल, कोण गातंय, कोण काय वाजवतंय, कव्हरवर काय चित्र आहे, काही कळायला मार्ग नव्हता. मी कोकणातून आलेला मुलगा. भजन, नाट्यसंगीत आणि रेडिओवरची हिंदी गाणी यांच्यावर कान वाढलेला. इंग्रजी शब्द निम्मे कळत, निम्मे निसटत. पण त्या आठ गाण्यांनी मला धरून ठेवलं. रात्री दिवे गेल्यावर सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर उशाशी घेऊन मी ती कॅसेट कितीतरी महिने ऐकली.

पुढे काही वर्षांनी मुंबईत एका परिचितांकडे त्या अल्बमची मूळ तबकडी हाती आली. कव्हरवर जुन्या इंग्रजी पुस्तकांतल्यासारखी, फिकट तपकिरी रंगातली चित्रं होती. एकेका गाण्यातलं एकेक पात्र तिथे उभं होतं. त्या संध्याकाळी त्यांनी मला इतिहास सांगितला. या बँडचा मूळ गायक अल्बमच्या आधीच सोडून गेला होता. मी ज्याचा आवाज इतके महिने ऐकत होतो तो त्यांचा ड्रमवादक. आणि जाणकार या अल्बमला ‘संक्रमणाचा अल्बम’ म्हणतात. मी गप्प झालो. मला तर ते संगीत कुठेच अर्धवट वाटलं नव्हतं. कुणाची तरी जागा रिकामी आहे, असं एकदाही जाणवलं नव्हतं. तेव्हापासून ‘संक्रमण’ हा शब्द कुठे आला की मी थांबतो. मोठा माणूस निघून गेल्यावर मागे राहिलेले लोक जे करतात, त्याला आपण नेमकं काय म्हणतो आणि ते म्हणणं न्यायाचं असतं का, हा प्रश्न त्या तबकडीने मला दिला.

जे घडलं ते थोडक्यात असं. इंग्लंडमधल्या चार्टरहाउस या शाळेतल्या मुलांनी 1967 साली जेनेसिस सुरू केलं. गायक पीटर गेब्रिएल, की-बोर्ड वाजवणारा टोनी बँक्स, बास आणि गिटार वाजवणारा माइक रदरफर्ड हे शाळासोबती. त्यांचा पहिला गिटारवादक अँथनी फिलिप्स 1970 मध्ये बाहेर पडला. त्याच वर्षी ड्रमवर फिल कॉलिन्स आला आणि पाठोपाठ गिटारवर स्टीव्ह हॅकेट. हे दोघे त्या शाळेचे नव्हते. या पाच जणांनी पुढच्या चार वर्षांत चार मोठे अल्बम केले. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणून जो संगीतप्रकार ओळखला जातो, म्हणजे लांब रचना, बदलते ताल, गोष्ट सांगणारी गाणी, त्यात त्यांनी आपली जागा केली. 1972 च्या ‘फॉक्सट्रॉट’वरचं ‘सपर्स रेडी’ हे गाणं तर सुमारे तेवीस मिनिटांचं आहे.

रंगमंचावर मात्र लोकांना दिसायचा तो गेब्रिएल. कधी कोल्ह्याचं डोकं आणि लाल झगा, कधी चेहऱ्याभोवती फुलाच्या पाकळ्या. दोन गाण्यांच्या मध्ये तो विचित्र गोष्टी सांगे. बाकीचे बसून, खाली मान घालून वाजवत. वृत्तपत्रांना फोटो हवा तो गेब्रिएलचा. संगीत पाच जण मिळून रचत आणि बाहेर नाव एकाचं होई, याची खंत आत साठत गेली. 1974 च्या ‘द लॅम लाइज डाउन ऑन ब्रॉडवे’ या जोडअल्बमच्या वेळी ती उघडी पडली. शब्द जवळजवळ सगळे गेब्रिएल एकटा लिहीत होता आणि संगीत इतर चौघे वेगळं बसून करत होते. त्याच वर्षी त्याची पहिली मुलगी जन्मली ती आजारीच. बाप म्हणून त्याचा जीव घराकडे ओढत होता. त्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या दौऱ्यावर क्लीव्हलँडला त्याने सोबत्यांना सांगितलं, की हा दौरा संपला की मी थांबणार. मग जाहीर न करता सगळ्यांनी उरलेले महिने मुकाट्याने पार पाडले. मे 1975 मध्ये फ्रान्समधल्या बेझांसाँ इथे तो त्यांच्यासोबत शेवटचं गायला. ऑगस्टमध्ये बातमी फुटली आणि ‘आता जेनेसिस संपलं’ असंच बहुतेकांनी धरलं.

मराठी माणसाला मंडळी फुटणं नवं नाही. 1913 साली बालगंधर्व, गणेशपंत बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. ही तारीख आपल्याला पाठ असते. पण ज्या बिऱ्हाडातून ते निघाले त्या बिऱ्हाडात दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं असेल? कपडेपट, पेट्या, ऑर्गन, ठरलेले प्रयोग, पोटावर असलेली माणसं, सगळं तिथेच होतं. किर्लोस्कर मंडळी बंद पडली नाही. पोरवयातले दीनानाथ मंगेशकर तिथे आले, गायले आणि 1918 मध्ये तेही सहकाऱ्यांसह बाहेर पडून बळवंत संगीत मंडळी काढते झाले. आपला इतिहास निघून जाणाऱ्याच्या मागून चालतो. राहिलेल्यांच्या बिऱ्हाडात तो फारसा थांबत नाही.

मी एकदा अशा बिऱ्हाडात होतो. म्हणून हे लिहितो आहे.

सिंधुदुर्गातल्या आमच्या वाडीत एक भजनी मंडळ होतं. पेटीवर बुवा, एका बाजूला पखवाज, मागे कोरस आणि झांजा. मी बारा-तेरा वर्षांचा असताना झांज वाजवायला मागे बसू लागलो. माझ्या शेजारी माझे काका बसत. ते वीसेक वर्षं त्याच जागी बसून बुवांच्या मागून गात होते. बुवांनी ओळ टाकली की उचलायची, गजर चढत गेला की खांद्याला खांदा लावून वर न्यायचा, बस. एका वर्षी श्रावणाच्या तोंडावर बुवा मुलाकडे मुंबईला कायमचे राहायला गेले. भांडण नाही, तंटा नाही. वय झालं होतं, मुलाने बोलावलं, गेले. आणि गणपती महिन्यावर आले.

वाडीत घरोघर भजन करायचं ते कुणाच्या जिवावर, असा प्रश्न पडला. शेजारच्या गावातून बुवा आणायचं ठरलं. एक जण येऊन बसले. आवाज चांगला, शिकलेला. पण त्यांची पट्टी वेगळी, घाई वेगळी. पखवाजवाला आणि ते दोन वेगळ्या वाटांनी चालल्यासारखे वाटत होते. दुसरे आले, तेही तसेच. दोष कुणाचाच नव्हता. तिसऱ्या रात्री सरावाला कुणीच आलं नाही, पेटी मध्ये तशीच पडलेली. तेव्हा पखवाजवाले काकांना म्हणाले, तुम्हीच म्हणा. काका म्हणाले, “मी बुवा नाय. माका मागसून गावची सवय आसा.” बराच वेळ असाच गेला. मग सराव मोडू नये म्हणून त्यांनी आपल्या जागेवरूनच, पुढे न सरकता, पहिली ओळ म्हटली. मी त्यांच्या अगदी शेजारी होतो. मला वाटलं, बुवाच आले.

हे सारखेपण कुठून आलं, हे मला तेव्हा कळलं नाही. जेनेसिसची गोष्ट ऐकली तेव्हा ते कळू लागलं.

1975 च्या उन्हाळ्यात बँक्स, रदरफर्ड आणि कॉलिन्स लंडनमध्ये एका तळघरात तालमीला बसले. हॅकेट स्वतःचा अल्बम पुरा करत होता, तो थोडा मागून आला. पहिल्या काही दिवसांतच ‘डान्स ऑन अ व्होल्कॅनो’ आणि ‘स्क्वाँक’ या दोन रचनांचा सांगाडा उभा राहिला. म्हणजे संगीत आटलं नव्हतं. प्रश्न फक्त गाणार कोण, एवढाच होता. गाणारा न घेता नुसतं वाद्यसंगीत करावं, असं कॉलिन्सने सुचवून पाहिलं. इतरांना ते पटलं नाही. मग ‘मेलडी मेकर’ साप्ताहिकात जाहिरात दिली, अर्ज आले, ध्वनिफिती आल्या, आठवड्यामागून आठवडे गायक येऊन गेले. त्या प्रत्येकाला चाल शिकवायचं काम कॉलिन्सकडे होतं. तो म्हणून दाखवे, समोरचा म्हणे. आणि दर वेळी शिकवणाऱ्याचं गाणं शिकणाऱ्यापेक्षा बरं वाटे.

तरी निर्णय होईना. ऑक्टोबरात लंडनच्या ट्रायडेंट स्टुडिओत डेव्हिड हेन्त्शेल या निर्मात्याबरोबर ध्वनिमुद्रण सुरू झालं तेव्हाही गायक नक्की नव्हता. ‘स्क्वाँक’ गायला एकाला बोलावलं, पण वाद्यं ज्या पट्टीत मुद्रित झाली होती ती त्याच्या गळ्याला मानवली नाही. तेव्हा चोवीस वर्षांच्या कॉलिन्सने, बघू तरी, म्हणून ते म्हटलं. शोध तिथे संपला.

‘स्क्वाँक’ हे नाव अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या लाकूडतोड्यांच्या लोककथांतून येतं. हा प्राणी आपल्या कुरूप, चामखिळांनी भरलेल्या कातडीची लाज वाटून जंगलात लपून रडत असतो. त्याच्या आसवांच्या ओलीवरून माग काढता येतो. पण पकडून पोत्यात घातला की तो रडून रडून विरघळतो आणि पोत्यात उरतात ती फक्त आसवं आणि बुडबुडे. या गाण्याशी मी पुष्कळदा थांबतो. बँडची अवस्था तेव्हा हीच होती. बाहेरचे लोक पोतं उघडून बघायला उभे होते, की गेब्रिएलवाचून आत काही आहे का. त्या गाण्याचा ठेका मात्र विरघळणाऱ्याचा मुळीच नाही. तो जड, संथ, जमिनीत पाय रोवून चालणारा आहे. आपल्या नसण्याची गोष्ट ते ठामपणे असण्याच्या तालात सांगतात. हे त्यांनी ठरवून केलं असेल असं मी म्हणत नाही. गाणं गायक ठरायच्या आधी रचलेलं होतं. पण ऐकणाऱ्याला ते तसं ऐकू येतं.

आता अल्बमच्या आत जाऊ. पहिल्याच रचनेत गिटारचे लखलखीत सूर येतात आणि पाठोपाठ सात मात्रांचा अडखळवणारा ठेका सुरू होतो. रूपकाच्याही सातच मात्रा, पण हा धावतो, पुढच्या पावलाखाली जमीन आहे की नाही याची शंका घेत धावतो. ज्वालामुखीवरचं नृत्य असं गाण्याचं नाव, आणि ताल ते नाव खरं करतो. ‘एन्टँगल्ड’मध्ये बारा तारांच्या गिटारी एकमेकींत गुंफून तीन मात्रांच्या झोक्यावर चालतात. झोप, स्वप्न आणि उपचार करणारा डॉक्टर यांच्याभोवतीचे शब्द हॅकेटने लिहिले आहेत. शेवटी शब्द संपतात आणि मेलोट्रॉन या की-बोर्डवरचा कोरस उठतो. देवळाबाहेर उभं राहून आतलं भजन ऐकावं तसं काहीसं मला तिथे होतं. ‘रिपल्स’ हे वय होत जाणाऱ्या सौंदर्याचं गाणं. मधोमध पियानोच्या लहरींवर गिटार लांब सूर धरते. पाणी हलतं आणि चेहरा मोडतो, हे दृश्य वाद्यांनीच उभं केलं आहे.

‘रॉबरी, असॉल्ट अँड बॅटरी’ हे चोराचं गाणं कॉलिन्स वेगवेगळे आवाज काढून गातो. लहानपणी त्याने लंडनच्या व्यावसायिक रंगभूमीवर ‘ऑलिव्हर!’ या संगीत नाटकात खिसेकापू पोराचं काम केलं होतं. म्हणजे नट गेला म्हणून लोक हळहळत होते तेव्हा दुसरा नट ड्रममागे बसलेलाच होता. कुणी विचारलं नव्हतं इतकंच.

अल्बमला ज्याचं नाव आहे ते गाणं बँक्सने काही वर्षं आधी लिहून ठेवलेलं. त्यामागे विल्यम गोल्डिंग यांची ‘द इनहेरिटर्स’ ही कादंबरी होती. माणूस येण्याआधीच्या माणसांची, नव्यांच्या हातून संपणाऱ्या जुन्यांची ती कथा. गाण्यात शिंगं आणि शेपूट असलेला एक जण आपलं सोन्याचं नगर सोडून आपल्यासारखे कुणी आहेत का ते बघायला निघतो. माणसं त्याला पिंजऱ्यात घालतात, त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत. तो त्यांना आपलं नगर दाखवायला नेतो आणि ते क्षणभर दिसतं न दिसतं तोच नाहीसा होतो. मला हे गाणं सोडून जाणाऱ्याच्या बाजूने लिहिलेलं वाटतं. राहिलेल्यांनी आपल्या पहिल्या अल्बमला हेच नाव द्यावं, यात मला मोठेपणा दिसतो.

या अल्बमवर आणखी एक बारीक बदल आहे. तोवर जेनेसिसची गाणी सगळ्यांच्या मिळून नावावर असत. इथे प्रथमच कुठलं गाणं कुणाचं ते छापलं. आठही गाण्यांत बँक्सचं नाव आहे. इतकी वर्षं गेब्रिएलच्या मुखवट्यामागे जे संगीत लोकांनी ऐकलं त्याचा केवढा भाग या अबोल माणसाचा होता, ते त्या यादीवरून कळलं. माणूस गेल्यावर काय गेलं हे कळतंच. काय गेलं नाही हेही तेव्हाच कळतं.

मी जुने अल्बम नंतर मिळवले, उलट क्रमाने. आणि ते ऐकताना मला माझे काका भेटले. गेब्रिएलच्या आवाजाच्या किंचित मागे, कधी वरच्या सुरात, कधी त्याच सुरात, आणखी एक आवाज आहे. 1971 च्या ‘नर्सरी क्राइम’वरच्या ‘हॅरल्ड द बॅरल’मध्ये दोघे जवळजवळ जोडीनेच गातात. त्याच अल्बमवर ‘फॉर ॲब्सेंट फ्रेंड्स’ हे दोन मिनिटांहूनही लहान गाणं कॉलिन्स एकटा गातो. 1973 मध्ये तो आणखी एक गायला. बाकी सगळीकडे तो मागे. म्हणून 1976 मध्ये ‘हा तर हुबेहूब गेब्रिएलसारखा गातो’ असं जे लोक म्हणाले, ते मला अर्धंच खरं वाटतं. ज्याला आपण पाच वर्षं गेब्रिएलचा आवाज समजत होतो त्यात कॉलिन्सचा आवाज मिसळलेला होता. तो कुणासारखा गात नव्हता. आपण आधी त्याला वेगळं ऐकलं नव्हतं.

आपल्याकडे ख्याल गाणाऱ्याच्या मागे तानपुरा घेऊन शिष्य बसतो. गुरू दम घेतो तेव्हा सूर तो धरतो. साथ करणाऱ्याला गाणाऱ्याची अशी एक गोष्ट ठाऊक असते जी श्रोत्याला कधीच कळत नाही. गाणाऱ्याचा श्वास कुठे संपतो, ती गोष्ट. काकांना मी मोठेपणी विचारलं, तुम्हाला ते सगळं पाठ कसं होतं? ते म्हणाले, पाठ नव्हतं. बुवा कुठे थांबणार ते माहीत होतं, तिथून तर माझं गाणं सुरू व्हायचं. वीस वर्षं ते त्या थांब्यांमध्ये गात आले होते. थांबे जोडले आणि सबंध भजन झालं. कॉलिन्स तर ड्रमही वाजवत होता. गायकाचा दम आणि गाण्याचा ताल ही दोन्ही सूत्रं त्याच्याच हातात होती.

हे लिहिताना जे गमावलं त्याबद्दल खरं बोललं पाहिजे. गेब्रिएलच्या शब्दांना एक धार होती. पुढच्या वळणावर काय उभं आहे ते सांगता येऊ नये, अशी भीती तो गाण्यात आणत असे. ‘अ ट्रिक ऑफ द टेल’ अधिक सुरेल आहे, अधिक मोकळा आहे, पण ती भीती त्यात नाही. आमच्या काकांच्या भजनातही बुवांचा तो बारीला, म्हणजे दुसऱ्या मंडळाशी सामन्याला, उभं राहिल्यावरचा आवेश कधी आला नाही. शिवाय एक घडी मोडून दुसरी बसवताना कुणीतरी घडीत अडकतोच. हॅकेटला आपल्या रचनांना पुरेशी जागा मिळेना. 1976 च्याच अखेरीस आलेल्या ‘विंड अँड वदरिंग’ या पुढच्या अल्बमनंतर 1977 मध्ये तोही बाहेर पडला. 1978 च्या अल्बमच्या नावातच ‘आता उरले तिघे’ अशा अर्थाचे शब्द आले. पुढे तिघांचं संगीत सुटसुटीत होत गेलं आणि 1980 च्या दशकात ते जगभर पोहोचलं.

इथूनच त्या ‘संक्रमण’ शब्दाचा घोळ सुरू होतो. गेब्रिएलच्या चाहत्यांना हा अल्बम जुन्या वैभवाची शेवटची तिरीप वाटतो आणि पुढच्या जेनेसिसच्या चाहत्यांना तो पहिली चाहूल वाटतो. दोघांच्याही लेखी तो इथून तिथे नेणारा साकव आहे, आणि साकवावर कुणी मुक्काम करत नाही. पण 1975 च्या त्या हिवाळ्यात चौघांना पुढचा काठ दिसत नव्हता. बँडवर कर्ज होतं, गायक नव्हता, बातम्या वाईट होत्या. ते कुठल्या काठाकडे चालले नव्हते. आठ गाणी नीट करायची, हा गजर सुटू द्यायचा नाही, एवढंच त्यांच्या हाती होतं. संक्रमण हे नाव नंतरचे लोक देतात. त्यात असलेल्यांसाठी ते त्या दिवसाचं पूर्ण काम असतं. मला ती कॅसेट संपूर्ण वाटली याचं कारण माझं अज्ञान होतं हे खरं. पण त्या अज्ञानाने मला तो अल्बम, तो करणाऱ्यांनी केला तसा ऐकवला, असं मी आता मानतो.

फेब्रुवारी 1976 मध्ये अल्बम आला आणि ब्रिटनच्या खपाच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. आता तो लोकांपुढे उभं राहून गायचा होता. ड्रमवर बसायला, आधी ‘येस’ आणि ‘किंग क्रिमसन’ या बँडमध्ये वाजवलेला बिल ब्रुफर्ड आपणहून तयार झाला, मागची जागा ओळखीच्या हाती आहे हे पाहून कॉलिन्सने पुढे यावं म्हणून. पहिला कार्यक्रम 26 मार्च 1976 ला कॅनडातल्या लंडन नावाच्या गावी झाला. गाण्यापेक्षा दोन गाण्यांच्या मध्ये लोकांशी बोलायचं काय, याचीच आपल्याला जास्त धास्ती होती, असं कॉलिन्सने पुढे सांगितलं आहे. आमच्या काकांनीही त्या गणपतीत पहिल्या घरी पेटीच्या मागे बसायला नकार दिला होता. पेटी माझ्या वडिलांनी धरली आणि काका बुवांच्या जागेच्या एक हात अलीकडे बसले. ती एक हाताची जागा त्यांनी शेवटपर्यंत सोडली.

जेनेसिसनेही एक जागा सोडली आहे. अल्बमची शेवटची रचना ‘लॉस एंडॉस’ ही वाद्यांचीच आहे. आधीच्या गाण्यांतले तुकडे तिच्यात परत येतात, ड्रम जॅझच्या अंगाने उसळतात. आणि अगदी शेवटी, सगळं विरत असताना, लांबून कॉलिन्सचा आवाज येतो. तो ‘सपर्स रेडी’मधल्या दोन ओळी म्हणतो. गेब्रिएलच्या सर्वांत मोठ्या गाण्यातल्या ओळी. निघून गेलेल्या मित्राला केलेला हा नमस्कार आहे. माझ्या कॅसेटवर या ओळी खरखरीत बुडालेल्या होत्या आणि मला त्यांचा संदर्भ माहीत नव्हता. तरी दर वेळी तिथे आवाज वाढवावासा वाटे.

गेब्रिएलने स्वतःचा रस्ता केला. 1982 मध्ये त्याने उभारलेल्या ‘वोमॅड’ या जागतिक संगीताच्या उत्सवात मोठा तोटा आला, तेव्हा 2 ऑक्टोबरला मिल्टन कीन्स इथे, भर पावसात, जुने सोबती त्याच्यासाठी एकत्र आले. तोवर कॉलिन्स स्वतः मोठा गायक झाला होता. त्या रात्री गेब्रिएल पुढे उभा राहिला आणि कॉलिन्स ड्रमवर बसून मागून गायला. पुढे येता येणं ही मोठी गोष्ट खरीच. पुन्हा मागे जाऊन त्याच मनाने बसता येणं, ही त्याहून मोठी. बुवा पुढच्या वर्षी गणपतीला गावी आले तेव्हा काकांनी पेटी त्यांच्यापुढे सरकवली आणि आपण झांज घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले, जणू मधलं वर्ष नव्हतंच. बुवांनी एक गजर म्हटला. मग पेटी परत केली आणि खळ्यात, ऐकणाऱ्यांत जाऊन बसले.

जेनेसिसचा शेवटचा कार्यक्रम 26 मार्च 2022 ला इंग्लंडमधल्या लंडनला झाला. कॅनडातल्या लंडनमधल्या त्या पहिल्या रात्रीला त्या दिवशी बरोबर सेहेचाळीस वर्षं झाली होती. कॉलिन्सला आता ड्रम वाजवता येत नव्हते, उभंही राहवत नव्हतं. तो खुर्चीत बसून गायला. मागे ड्रमवर त्याचा मुलगा निक होता. पीटर गेब्रिएल प्रेक्षकांत बसून ऐकत होता.